आठ पावलांवरचा खड्डा

अंजनाबाईचा पाय घसरला, असं सगळे म्हणत होते. लेक रीना म्हणत होती, ठेकेदाराची माणसं म्हणत होती, आणि आठवड्याभरात पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायाही तेच म्हणू लागल्या. नत्थू पेंटर मात्र रोज सकाळी दारासमोरच्या गटाराच्या चेंबरपाशी उकिडवा बसायचा आणि काठावरचं शेवाळ बघायचा. हिरवं, ओलं, नुसतं बोट लागलं तरी निघून येईल असं. पाय घसरला असता तर त्या शेवाळावर ओरखडा उठला असता. ओरखडा नव्हता.

म्हणजे पाय घसरला नाही, पाय टाकला. आणि उघड्या चेंबरमध्ये जाणती बाई पाय का टाकेल, याचं नत्थूला एकच उत्तर सुचत होतं. तिला वाटलं असेल, हा नवऱ्यानं रंगानं काढलेला खड्डा आहे.

हे खरं की खोटं, एवढंच त्याला हवं होतं. सांगू शकणारं माणूस एकच होतं, रीना. ती त्या वेळी गल्लीच्या तोंडाशी उभी होती.

"काय म्हणाली वं तुही माय? पडायच्या आधी?"

"कुछ नहीं बाबा. पैर फिसल गया. कितनी बार बोलूँ?"

रीना बापाशी हिंदीतच बोलायची, लहानपणापासून. पण पूर्वी बोलताना ती बापाकडे बघायची.

तो खड्डा आधी खरा होता. आमचा पारा रेल्वेलाइनीला लागून. भंडारा-गोंदियाकडून आलेली आमची माणसं, कुणी रेल्वेत लागलेली, कुणी प्लांटात. गल्लीच्या बंद टोकाला नत्थू रामटेकेचं घर. घराचं दार गल्लीच्या तोंडाकडे बघतं. दारातून निघालं की डाव्या हाताला विहाराची लांब भिंत, उजव्या हाताला उघडी नाली, आणि समोर आठ पावलांवर गटाराचं चेंबर. पाचेक वर्षांपूर्वी एका टेम्पोच्या चाकाखाली त्याचा ढापा फुटला आणि खड्डा उघडा पडला. दीड पुरुष खोल. आत विटांची भिंत, उतरायला लोखंडी कड्या, तळाशी काळं पाणी आणि त्या पाण्यात आभाळाचा एक तुकडा.

पहिल्याच दिवशी अंजनाबाईनं त्याच्या काठाशी बेशरमाची फांदी रोवली आणि तिला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली. फांदी वाळली की नवी. तीन वर्षं ती फांदी बदलत राहिली. तिचा बाप पवनीकडे विहिरी खणायचा. खोल जागेशी कसं वागायचं ते तिला पोटातूनच माहीत होतं. कुठल्याही विहिरीशी गेली की आधी खडा टाकायची, कान लावायची, आणि मग सांगायची, एवढे हात. तिच्या मायच्या जात्यावरच्या ओव्या तिला येत. त्यातली एक ती त्या खड्ड्याशीच म्हणायची, फांदी रोवता रोवता:

हिरीत पाहिलं बाई, हिरीत आभाळ
आभाळाले तळ नाही, दोर तू सांभाळ

मग एक दिवस नवा सिमेंटचा ढापा आला. चार माणसांनी उचलावा एवढा जड. खड्डा झाकला गेला आणि पाऱ्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

"आता पत्ता काय सांगाचा?" रेल्वेतून रिटायर झालेले दिवाकरभाऊ म्हणाले. "तीन वर्सं लोकांले सांगून राहिलो, खड्ड्यापाशी या म्हणून. नत्थू, तू तेलीबांध्यावर बिना पाण्याचे धबधबे काढतं. आमचा खड्डा दे न वापस काढून."

सगळे हसले. नत्थू हसला नाही. तो ढाप्याकडे बघत राहिला.

नत्थूनं हयातभर पाट्या रंगवल्या. पंडरीतल्या कापडबाजारात एके काळी दर तिसऱ्या दुकानावर त्याचं अक्षर होतं, अक्षराला अशी सावली की पाटीतून हातभर बाहेर आल्यासारखं वाटे. फ्लेक्स आलं आणि अक्षरं उतरली. मग त्याला तेलीबांध्याच्या तळ्याकाठी भिंती मिळाल्या. सपाट भिंतीवर जिना काढायचा, लोक त्या जिन्यावर पाय ठेवल्यासारखे उभे राहून फोटो काढणार. पंख, झुला, धबधबा. सपाटात खोली घालायचं काम त्याला तिथं सापडलं, साठीच्या उंबरठ्यावर, आणि तो त्यात बुडाला.

ढापा बसण्याच्या आदल्या दिवशी त्यानं खड्ड्याची मापं घेऊन ठेवली होती. विटा मोजल्या होत्या, कड्या मोजल्या होत्या. का, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"असं चित्र एकाच जागेवरून खरं दिसते," त्यानं बायकोला सांगितलं. "जागा सोडली का नुसते डाग. म्हणून आधी जागा धराची. आपला उंबरठा धरू."

"मंग राहा उभे."

"मी उभा राहिलो तं रंग कोण लावीन? तू राहा."

म्हणून अंजनाबाई उंबरठ्यावर उभी राहिली. नत्थूनं दाराच्या चौकटीत, बरोबर तिच्या डोळ्याच्या उंचीवर, एक खिळा ठोकला. खिळ्याला दोरा बांधला आणि दोरा ताणत ढाप्यापर्यंत नेला. ढापा काचेचा असता तर खालची एकेक वीट या जागेवरून त्याच्या कुठल्या ठिकाणी दिसली असती, ते दोऱ्यानं ठरवायचं आणि तिथं खडूनं खूण करायची. चार दिवस हे चाललं. तो ओरडून विचारायचा, ही कडी सरळ दिसून राहिली का? ती म्हणायची, जरा नालीकडं कलली. तो पुसायचा, पुन्हा काढायचा.

"मह्या डोयानं काढता," ती म्हणाली, "अन् नाव तुमचं."

"तुह्या डोयाले ब्रश धरता येते का?"

"तुमाले तरी कुठं येते!"

मग रंग. तळाला काळा भरायला ती सांगत होती. नत्थू नको म्हणाला. निव्वळ काळा रंग लावला की खड्डा मरतो, काळं कापड अंथरल्यासारखं दिसतं. खोलीला निळा लागतो. निळ्यात कथ्थई, जसजसं खाली तसतशा विटा धुरकट, त्यांच्या कडा पुसट. काठाच्या विटा मात्र अशा लख्ख की बोटाला खरखर लागावी. उजेड कुठल्या बाजूनं येतो ते एकदा ठरवलं की प्रत्येक कडीनं त्याच बाजूला सावली टाकायची. एका कडीनं जरी खोटं केलं तरी सगळा खड्डा खोटा पडतो.

"पाण्यात आभाळ टाका," अंजनाबाई म्हणाली. "तळाले आभाळ नसन तं तो कायचा खड्डा?"

त्यानं नखाएवढं आभाळ टाकलं. ती उंबरठ्यावरून बघत राहिली.

"आता एक डोया झाक," तो म्हणाला. "दोन डोये मिळून चोरी पकडतात. एकट्या डोयाले काही समजत नाही, त्याले जे दाखवलं ते त्यो पाहते."

तिनं डावा डोळा तळहातानं झाकला आणि एक पाऊल मागं सरली. "अवो," म्हणाली, "हे तं उघडलंच तुमी."

मग तिनं खाली वाकून एक खडा घेतला आणि फेकला. टक्. खडा खड्ड्याच्या मधोमध, हवेत, पडून राहिला. अंजनाबाई हसली, पदर खोचला आणि तरातरा चालत जाऊन त्या खड्ड्याच्या बरोबर मध्ये उभी राहिली. दारात दाटलेल्या बायांनी डोळ्यांवर हात घेतले. दिवाकरभाऊंनी टाळ्या वाजवल्या. दीड पुरुष खोल पोकळीवर ती बाई चपला घालून उभी होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते तिच्या लग्नाच्या फोटोतही नाही.

त्यानंतर पाऱ्याला एक खेळच मिळाला. नत्थूच्या घरी चहाला बोलावलेला नवा माणूस परत निघाला, उंबरठ्यावर आला, की ओरडायचा, "अरे, रुको! खुला है!" आणि आम्ही सगळे त्याच्यासमोर त्या खड्ड्यावरून चालत जायचो, कुणी बादली घेऊन, कुणी लेकरू कडेवर घेऊन. अंजनाबाई तर पुढं चालता चालता म्हणायची, "हव, हव, माहीत आहे! मह्या नवऱ्याचा खड्डा आहे!" पाहुण्यांची जिरवायची म्हणजे तिला फार आवडे. हळूहळू असं झालं की त्या जागी खड्डा दिसणं हीच ओळख झाली. खड्डा दिसला की आमचा पाय आपोआप पुढं पडायचा. ज्याला भीती वाटते तो परका.

रीनाला ते कधीच पटलं नाही. ती तेलीबांध्याच्या एका ऑफिसात काम करते, तिथंच खोली घेऊन राहते, रविवारी यायची आणि ढाप्याच्या कडेनं, भिंतीला हात लावत जायची.

"बाबा, मिटा दो इसको. किसी दिन कोई गिरेगा."

"चित्रात कोण पडते वं?" नत्थू म्हणायचा.

दोन वर्षांनी अंजनाबाईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. उजव्यातही येत होता, पण तो नंतर करू, असं डॉक्टर म्हणाले. पावसाळा सरल्यावर डाव्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, वर हिरवं फडकं. दवाखान्यातल्या बाईनं चार-चारदा बजावलं: दोन दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, मान खाली घालायची नाही. समोर बघून चालायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायला यायचं.

त्या दुसऱ्या दिवशी नत्थू भल्या सकाळीच तेलीबांध्याला गेला होता. पावसानं धबधब्याचा रंग उडाला होता, तो पुन्हा भरायचा होता. आईला न्यायला रीना स्कूटी घेऊन येणार होती. त्याच सकाळी नालेसफाईच्या ठेकेदाराची माणसं आली. त्यांनी पहारी लावून ढापा उचलला, विहाराच्या भिंतीला टेकवून उभा केला आणि चहा प्यायला गेली. दोरी बांधली नाही. फांदी रोवली नाही. बायामाणसं विहाराच्या अंगणात पौर्णिमेच्या तयारीला लागलेली, भिंतीच्या पलीकडे.

गल्लीच्या तोंडाशी स्कूटीचा हॉर्न वाजला. अंजनाबाई उंबरठ्यावर आली. एवढं सगळ्यांना माहीत. पुढचं फक्त रीनाला.

आम्ही रीनाची किंकाळी ऐकून धावलो. दिवाकरभाऊ कड्यांवरून खाली उतरले, या वयात. पाणी गुडघाभरच होतं. तिचं डोकं खालच्या कडीवर आदळलं होतं आणि हिरवं फडकं पाण्यात तरंगत होतं. नत्थू आला तेव्हा त्याच्या हाताला पांढरा रंग होता, धबधब्याचा. तो दवाखान्यातही तसाच राहिला, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी ती गेली. मधल्या काळात एकदाही बोलली नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात तिचा फोटो ठेवला. भन्तेजी म्हणाले ते म्हणाले, बायांनी तिच्या आठवणी सांगितल्या. खड्ड्यावर उभी राहिली तो दिवस कुणीही सांगितला नाही. सगळ्यांच्या तोंडाशी तोच होता.

त्यानंतर चार दिवसांनी चौकशीला महापालिकेच्या एक इंजिनियर बाई आल्या. नीलिमा मॅडम. सोबत ठेकेदाराचा सुपरवायझर सौमित्र, हातात फाइल. तोपर्यंत ढापा पुन्हा जागेवर बसला होता. ऊन रणरणत होतं म्हणून जबाब नत्थूच्या घरात, दार लोटून, घेतला. आम्ही पाच-सहा जण भिंतीशी उभे.

"मॅडम, हादसा है," सौमित्र म्हणाला. "बुज़ुर्ग औरत, आँख पर पट्टी. किनारे पे काई थी, पैर फिसल गया. उनकी बेटी खुद बोल रही है."

"मी मराठीच आहे, काका, चौबे कॉलोनीतली," मॅडम नत्थूला म्हणाल्या. "तुम्ही मराठीत बोला. दोरी वगैरे काही बांधली होती का?"

"थी, मॅडम," सौमित्र म्हणाला. "दिखी नहीं होगी उनको."

"नोती," दिवाकरभाऊ म्हणाले. "मी उतरलो होतो. सुतळीचा तोडा बी नोता."

"हमको इलज़ाम मत दो दादा. फिसलने वाला रस्सी से रुकता है क्या?"

मॅडमनी रीनाकडे बघितलं. "तू पाहिलंस ना? पाय घसरला?"

रीना बापाकडे न बघता म्हणाली, "जी. फिसल गया."

मॅडम लिहू लागल्या. तेवढ्यात नत्थू उठला. इतका वेळ तो कोपऱ्यात, रंगाच्या डब्यांपाशी बसला होता.

"नका लिहू," तो म्हणाला. "घसरला नाही पाय."

"बाबा!"

"शेवाळ पाहिलं मी. रोज पाहून राहिलो." मग तो मॅडमना म्हणाला, "बाई, जरा उंबरठ्यावर या. इथं. असं नाही, थोडं वाका. त्या खिळ्याएवढं."

मॅडम गोंधळल्या, पण उठल्या. त्यानं दार उघडलं. चौकटीतल्या खिळ्यापाशी त्यांनी डोळा आणला. बाहेरचं ऊन एकदम अंगावर आलं.

"डावा डोया झाका. आता सांगा, चेंबर बंद आहे का उघडं?"

मॅडमनी मान वळवून चिडक्या आवाजात विचारलं, "सौमित्र जी, आपने फिर से खुलवाया क्या? मैं अभी तो उधर से आई हूँ."

"नहीं मॅडम! बंद है!"

त्यांनी पुन्हा बघितलं. विटा, कड्या, कड्यांच्या सावल्या, तळाशी नखाएवढं आभाळ. पाऊल पुढं टाकायला गेल्या आणि ते मागं घेतलं. नत्थूनं खाली वाकून एक खडा उचलला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

"टाका."

टक्.

खडा पोकळीत पडून राहिला होता.

"आज बंद आहे," नत्थू म्हणाला. "त्या दिवशी उघडं होतं. इथून दोन्ही सारखंच दिसते, म्या तसंच काढलं. तिच्या डोयाच्या उंचीनं काढलं, तिलेच उभं करून. दुसऱ्याले थोडंफार चुकीचं दिसन, तिले नाही. त्यात एका डोयावर पट्टी. ढापा भिंतीले टेकवला तो बी पट्टीच्या बाजूले. अन् मान खाली घालू नको म्हणून दवाखान्यातून सांगितलेलं. तिनं इथून एकदा पाहिलं असन अन् समोर पाहत चालली असन. खडा उचलाले वाकताच येत नोतं तिले." त्याला दम लागला. "खड्डा पाहून ती थांबली नसती, बाई. खड्डा तिले रोजच दिसे. दोरी पाहून थांबली असती. चिंधी पाहून थांबली असती. चिंधी तं तिनंच बांधली तीन वर्सं."

सौमित्रनं फाइल बंद केली. "सुन लिया न मॅडम? मतलब पेंटिंग की गलती. ये खुद मान रहे हैं."

"हव," नत्थू म्हणाला. "लिहा. मह्या नावानं लिहा. पण दोरी नोती ते बी लिहा. पाय घसरला असं लिहिलं तं कोणाचंच काही नाही, तिचंच. तिचं काही नोतं."

"हा सगळा तुमचा अंदाज आहे, काका," मॅडम हळूच म्हणाल्या. "लिहायला मला कुणी पाहिलेलं लागतं."

नत्थू रीनाकडे वळला. यावेळी त्यानं विचारलं नाही. नुसता उभा राहिला, रंगाचे डाग मुरलेले हात लोंबते.

रीना भिंतीला पाठ लावून खाली बसली. आणि मग ती बोलली, आयुष्यात पहिल्यांदा आम्ही तिच्या तोंडून सलग मराठी ऐकली, तिच्या आईची मराठी.

"मी ओरडली. गल्लीच्या तोंडातून मले ढापा दिसून राहिला होता, भित्तीले लावलेला. मी म्हटलं, आई रुको, खुला है. दोनदा म्हटलं. ती हसली. तिले वाटलं मी पाहुण्यांवानी करून राहिली. ती म्हणाली..." रीनानं ओठ आवळले. "ती म्हणाली, हव, हव, माहीत आहे, तुह्या बापाचा खड्डा आहे. अन् चालत आली. माह्याकडं पाहत. हसतच होती, बाबा. तोंडावर काहीच भेव नोतं. पाय टाकेपर्यंत नोतं."

नत्थूनं मान हलवली. एकदा, दोनदा. जसं कुणी पत्ता सांगतं आणि आपण कळलं म्हणून हलवतो तशी.

"दोरी?" मॅडमनी विचारलं.

"नोती," रीना म्हणाली. "काहीच नोतं."

मॅडमनी लिहिलं. सगळं लिहिलं, आम्हाला वाचून दाखवलं. त्यात चित्राचंही होतं. नत्थूनं सही केली, पाटीवरच्या अक्षरासारखी, वळणदार. सौमित्र निघताना ढाप्याच्या कडेनं गेला, नालीत पाय जाता जाता वाचला.

दुपार कलल्यावर नत्थू डबा घेऊन बाहेर आला. सिमेंटच्या रंगाचा करडा. आधी तो उंबरठ्यावर उभा राहिला. उंच माणूस तो, खिळ्यापर्यंत यायला त्याला गुडघ्यात वाकावं लागलं. एक डोळा मिटून त्यानं बराच वेळ बघितलं. मग पक्कडीनं खिळा उपटला, खिशात टाकला, आणि जाऊन ढाप्यावर बसला.

पहिला हात दिला. करड्या रंगाखालून विटा दिसत राहिल्या, धुक्यातल्यासारख्या. खड्डा बुजला नाही, नुसता उथळ झाला, कंबरेएवढा राहिला. तो वाळेपर्यंत नत्थू नालीच्या कठड्यावर बसून होता. दिवाकरभाऊ चहा घेऊन आले, बाजूला ठेवला. दुसरा हात दिला. आता घोट्याएवढा. तळातलं आभाळ मात्र जाईना. निळ्याची जात तशीच असते, वर काही लावा, खालून येतो. नत्थूनं बोटानंच रंग घेतला आणि तेवढ्या जागेवर घासला, घासत राहिला. विहारात वंदना सुरू झाली. भिंतीपलीकडून बायांचे आवाज येत होते, आणि त्यातला एक कमी होता हे आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं.

तिसऱ्या हातानंतर तिथं काही उरलं नाही. एक करडा, चौकोनी, ओला ढापा.

दुसऱ्या दिवशी रंग खणखणीत वाळला. नत्थू दारात बसला होता. सकाळी दूधवाला आला, त्यानं सायकल उचलून भिंतीच्या कडेनं नेली. शेजारची शेवंता, जी लेकरू कडेवर घेऊन त्या खड्ड्यावरून नाचत जायची, ती लेकराचा हात घट्ट धरून नालीच्या काठानं गेली. दिवाकरभाऊ ढाप्यापर्यंत आले, थबकले, आणि त्यांनी खाली वाकून खडा शोधला.

रीना ऑफिसला निघाली. बॅग खांद्याला, डावा हात विहाराच्या भिंतीवर टेकलेला. पाठ भिंतीला लावून, एकेक पाऊल सरकवत, ती त्या सपाट सिमेंटच्या काठाकाठानं पलीकडे गेली.

बंद आहे, चाल, असं नत्थूनं तिला सांगितलं नाही. ती पार जाईपर्यंत तो दोन्ही डोळ्यांनी बघत राहिला.